माळ्यावरचा उंदीर मूळचा कुठला?

खाचरांत पाणी चढलं की कर्जतच्या आमच्या पट्ट्यात घरोघरी उंदरांचे पिंजरे बाहेर निघतात. आमचं घर जुनं, कौलारू. माळ्यावर बियाण्याच्या भाताची कणगी. त्या पावसाळ्यात उंदरांनी कणगीचं शेणाचं सारवण पोखरलं, वर झाकलेली गोणपाटं कुरतडली. सुक्या बोंबलाचा तुकडा अडकवून पिंजरा लावला. सकाळी एक सापडला.

भाची राहायला आली होती. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होती. उंदीर मारून उकिरड्यावर टाकायला निघालो, तर तिने अडवलं.

"मामा, थांबा. कोण आहे ते बघू तरी द्या."

"कोण असणार? उंदीर."

"बांधातला की घरातला?"

हा फरक आमच्याकडे लहान पोरांनाही ठाऊक असतो. कापणीनंतर बांध खणून उंदीर काढणारे वाडीवरचे कातकरी तर बिळाचं तोंड बघूनच सांगतात. बांधातला अंगाने भरलेला, आखूड शेपटीचा, जमीन उकरणारा. घरातला सडपातळ, वाशांवरून धावणारा, प्रसंगी आंब्यावर चढणारा.

तिने हातमोजे चढवले आणि मेलेला उंदीर वर्तमानपत्रावर आडवा केला. शेपूट पाठीवरून पुढे आणली, तर टोक नाकाच्याही पुढे गेलं. कान पुढे ओढला, त्याने डोळा झाकला गेला. पाठ तपकिरी, पोट पांढरट. "रॅटस रॅटस," ती म्हणाली. "जगभर याला काळा उंदीर म्हणतात." मग शेपटीच्या टोकाचा नखाएवढा तुकडा कापून तिने अल्कोहोलच्या कुपीत टाकला. कॉलेजात डीएनए वेगळा काढायचा सराव करायचा होता.

आमची आजी सांगायची, हे उंदीर गोदीतून आले, प्लेग घेऊन. 1896 साली मुंबईत प्लेगची साथ उसळली ती बंदराला लागून असलेल्या मांडवीत, त्यामुळे उंदीर म्हणजे जहाजातून उतरलेला परका, असा समज पक्का झाला. मी तेच भाचीला ऐकवलं. ती म्हणाली, "साथ बाहेरून आली असेल मामा, पण हा उंदीर इथलाच. उलट इथून तो जगभर गेला."

हे कळतं कसं, ते तिने ओसरीवर बसून समजावलं. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. पिढ्यांमागून पिढ्या जाताना त्यात बारीक बदल साचत जातात. ठिकठिकाणच्या उंदरांमधले हे बदल ताडून पाहिले की कोण कोणाचा किती जवळचा ते कळतं. मूळ गावात सगळ्या भावक्यांची घरं असतात आणि मुंबईच्या चाळीत त्यातल्या एकदोघांचीच, तसं हे आहे. जिथे जुने प्रकार जास्त, ते सहसा मूळ ठिकाण. जिथे मोजकेच प्रकार, तिथे तो नंतर पोचलेला.

ऑस्ट्रेलियाचे केन अ‍ॅप्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली जगभरच्या काळ्या उंदरांचा असा पडताळा प्रसिद्ध केला. त्यात वेगवेगळे वंश निघाले: एक दक्षिण आशियातला, एक हिमालयाकडचा, बाकीचे इंडोचायना आणि पूर्व आशियाकडचे. माणसाच्या घरात राहायची सवय यांना एकाच ठिकाणी नव्हे, अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे लागली. आपल्याकडच्या वंशात गुणसूत्रं 38, पूर्वेकडच्यांत 42. युरोप-अमेरिकेत पसरला तो 38 वाला.

मला जास्त अप्रूप वाटलं ते अमरावतीचं. तिथल्या शासकीय विदर्भ ज्ञान-विज्ञान संस्थेतले मुमताज बेग यांनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे जेरेमी सर्ल आणि इतरांबरोबर भारतातल्या काळ्या उंदराच्या वंशांचा आणि तो इथून युरेशियात कसा पसरला याचा अभ्यास केला. त्याचा निबंध 2019 साली एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला.

हे ऐकल्यावर माझं डोकं बोरघाटाकडे वळलं. खोपोलीहून वर चढणारी ही वाट सातवाहनांच्या काळापासूनची. कल्याण-चौलच्या बंदरांतला माल याच घाटाने देशावर जायचा; कार्ल्याच्या लेण्यात यवनांच्या दानाचे लेख आहेत, आमच्या कोंढाण्याची लेणीही त्याच काळातली. जिथे धान्याच्या गोणी, तिथे उंदीर. मग आमच्याच उंदराचा पूर्वज रोमला गेला म्हणायचं का?

"इतकी घाई नको," भाची म्हणाली. 2022 साली युरोप आणि उत्तर आफ्रिकेतल्या उत्खननांत मिळालेल्या पहिल्या ते सतराव्या शतकातल्या हाडांचा डीएनए तपासला गेला. काळा उंदीर युरोपात शिरला तो नैऋत्य आशियातून. रोमन साम्राज्य मोडल्यावर तिथली त्याची संख्या रोडावली आणि सहाव्या ते दहाव्या शतकांदरम्यान जुन्यांच्या जागी दुसरेच उंदीर आले. व्यापार बसला की उंदीरही बसतो, हे त्यातून दिसतं. पण कर्जत ते रोम अशी सरळ रेघ ओढायला तेवढा पुरावा पुरत नाही.

हा अभ्यास नुसता हौसेचाही नाही. ठरावीक भागातल्या उंदरांबरोबर ठरावीक रोगजंतू आढळतात, त्याचं कारण या वेगवेगळ्या वंशांत असू शकतं, असं अ‍ॅप्लिन यांच्या निबंधात म्हटलं आहे. म्हणून कर्जत-खोपोलीच्या कॉलेजांतल्या पोरांना सांगावंसं वाटतं: माथेरानच्या पायथ्याचं रान, भाताच्या गिरण्या, हायवेलगतची गोदामं, घाटाखालच्या वाड्या, सगळं एका तालुक्यापासून दुसऱ्यापर्यंत हाताशी आहे. अमरावतीच्या सरकारी संस्थेतून हे काम होतं, तर इथूनही होईल. फक्त उंदराला उघड्या हाताने शिवू नका. पावसाळ्यात लेप्टोचे जंतू त्याच्याच मुतातून पाण्यात उतरतात.