मुंडकार

रविवारी दुपारचे जेवण उरकून फोंड्याहून मडगावकडे जाणारी कदंबची बस पकडावी, बोरीच्या पुलावर गाडी चढली की झुआरीच्या विस्तीर्ण पात्रावर कलत्या उन्हाने मांडलेला रुपेरी पसारा डोळे भरून पाहून घ्यावा, पुढे लोटली आणि राय ही माडाफणसांच्या सावलीत पहुडलेली गावे एकेक करून मागे टाकावीत, आणि फातोर्ड्याच्या त्या नेहरू स्टेडियमचे दिव्यांचे उंच खांब क्षितिजावर दिसू लागताच छातीत एक अनामिक धडधड सुरू व्हावी, हा आमच्या घरचा कित्येक वर्षांचा परिपाठ होता. आम्ही तिघे असू: मी, माझे वडील, आणि आमच्या वाड्यावरचा पोदेर. वडील मराठी प्राथमिक शाळेतले शिक्षक. सकाळची देवपूजा झाल्याखेरीज चहालाही न शिवणारे. पोदेर रात्रभर भट्टीपुढे उभा राहून पाव भाजणारा, पहाटे तो घरोघर पोचविणारा, आणि रविवारी इगर्जीतली मीस कधीही न चुकविणारा. दोघांच्या प्रार्थनेची घरे वेगळी, सणांचे दिवस वेगळे, ताटातले अन्नही वेगळे; परंतु धेंपो क्लबचा सामना असला की पोदेर आपली दुपारची हक्काची झोप आणि वडील आपली वहीतपासणी बाजूला ठेवीत, आणि बसच्या एकाच बाकावर मला मधे बसवून बोरीच्या पुलापर्यंत बचावफळीची चर्चा करीत जात.

ज्या संघावर आम्ही असे प्रेम केले तो संघ तेव्हा दैवाचा लाडका होता. २००४-०५ पासून २०११-१२ पर्यंतच्या आठ हंगामांत त्याने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविले; दोनदा जुन्या नॅशनल लीगचे आणि तीनदा आय-लीगचे. २००८ मध्ये एएफसी करंडकाच्या उपान्त्य फेरीपर्यंत त्याने मजल मारली. आर्मांदो कुलासो हे त्या साऱ्या वैभवाचे शिल्पकार. महेश गवळी आणि समीर नाईक बचावाला, क्लिफर्ड मिरांडा आणि क्लायमॅक्स लॉरेन्स मधल्या फळीत, बेटोच्या पायांतून सुटणारे ते मोजूनमापून दिलेले पास, आणि पुढे रँटी मार्टिन्स, ज्याने २०११-१२ च्या एका हंगामात ३२ गोल केले: ही नावे आमच्या घरी नक्षत्रांच्या नावांसारखी क्रमाने म्हटली जात.

त्या वैभवाच्या अगदी आरंभी एक मृत्यू आहे, आणि त्याचा उल्लेख टाळून पुढे जाणे मला शक्य नाही. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरला फेडरेशन करंडकाच्या अंतिम सामन्यात ब्राझीलहून आलेल्या क्रिस्तियानो ज्युनियरने मोहन बागानविरुद्ध दोन गोल केले, आणि दुसरा गोल करता करता गोलरक्षकाशी टक्कर होऊन तो जो कोसळला तो पुन्हा उठला नाही. करंडक त्या दिवशी आमचा झाला. वार्ता आली तेव्हा वडील ओसरीवर बसले होते. पोदेर कुंपणाशी येऊन उभा राहिला, आणि पुष्कळ वेळ दोघांपैकी कोणीच काही बोलले नाही. नंतर पोदेराने छातीवर क्रूसाची खूण केली आणि वडिलांनी आत जाऊन देवापुढे समई लावली. क्लबने दहा क्रमांकाचा सदरा त्यानंतर कोणालाही दिला नाही, आणि त्याच हंगामात संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. आपल्या माणसाचे सुतक पाळीत असताना कर्तव्य पार पाडणारे घर जसे शेजाऱ्यांच्या अंतःकरणात कायमचे जाऊन बसते, तसा त्या वर्षी तो संघ आमच्यात येऊन बसला. मी विजयांचा चाहता होतो असे कोणी म्हटले तर मला म्हणूनच ते मान्य होत नाही. माझे नाते त्या समईपासूनचे आहे.

आणि मग तो २०१४-१५ चा हंगाम आला.

त्या पावसाळ्यानंतर गोव्याच्या फुटबॉलमध्ये एक नवेच पर्व सुरू झाले होते. ऑक्टोबरात इंडियन सुपर लीग आली, फातोर्ड्यावर एफसी गोवाचा संघ उतरला, साक्षात झिको त्याचा मार्गदर्शक म्हणून रेषेपाशी उभा राहिला, आणि ज्या सज्ज्यांतून आम्ही एरवी पाय पसरून बसत असू तेथे तिळभर जागा उरली नाही. त्या उत्सवाचा मला मत्सर वाटला नाही; गोव्याच्या मैदानावर एवढा जनसमुदाय लोटावा ही आनंदाचीच गोष्ट होती. परंतु देवळाच्या जत्रेला आलेली गर्दी पांगल्यावर दुसऱ्या दिवशीच्या नित्य आरतीला जे चार जण उरतात, त्यांना रिकाम्या चौकाची जी जाणीव होते, ती आम्हांला जानेवारीपासून मेपर्यंत दर सामन्याला होत राहिली.

प्रारंभ तरी किती आशादायक होता! फेडरेशन करंडक त्या वर्षी गोव्यातच झाला, आणि ११ जानेवारी २०१५ रोजी धेंपोचा संघ फातोर्ड्यावर अंतिम सामना खेळत होता. बंगळूरू एफसीने तो २-१ असा जिंकला. परतीच्या बसमध्ये पोदेर म्हणाला की अंतिम फेरीत हरणारा संघ वाईट असत नाही, आणि वडिलांनी मान डोलविली. मलाही ते पटले. ज्या संघाने त्या संध्याकाळी करंडकाला जवळजवळ हात लावला होता, त्याच संघाला मेअखेर राष्ट्रीय लीगच्या पहिल्या श्रेणीतून पायउतार व्हावे लागेल, असे त्या बसमध्ये कोणी बोलून दाखविले असते तर पोदेराने त्याला पुलावरच उतरविले असते.

हरत्या संघाचा हंगाम ही काय वस्तू आहे हे ज्याने अनुभवले नाही त्याला ते सांगणे कठीण आहे. एखादा दारुण पराभव सोसता येतो. त्याला आकार असतो, कारण असते, रागावण्याजोगे काहीतरी असते. पण येथे तसे काही नव्हते. खेळाडू तेच परिश्रम करीत होते, घाम तोच गळत होता, चेंडू मात्र त्यांना ओळख देईनासा झाला होता. पूर्वी जो पास पायाला शोधीत येई तो आता हातभर पुढे पडे. पूर्वी जो फटका खांबाला लागून आत जाई तो आता खांबाला लागून बाहेर येई. आणि गोल झाल्यावर चेंडू मध्यवर्तुळाकडे परत नेणाऱ्या खेळाडूचे खांदे पाहून सज्ज्यातल्या आम्हांला सामन्याचा शेवट आधीच कळून चुके. यशस्वी संघ पाहताना प्रेक्षक चेंडूकडे पाहतो. संकटातल्या संघाचा प्रेक्षक चेहऱ्यांकडे पाहू लागतो. त्या पाच महिन्यांत मी आमच्या खेळाडूंचे चेहरे जितके न्याहाळले तितके आदल्या दहा वर्षांत न्याहाळले नसतील. त्यांच्यापैकी पुष्कळ जण आमच्याच मातीतले होते. बाजारात, फेस्ताला, लग्नसमारंभात कधी तरी गाठ पडायची. मग त्यांच्या डोळ्यांतला तो संकोच पाहून वाटे, की आपण उगाच भेटलो, यांना आणखी एका साक्षीदाराची आज गरज नव्हती.

वर्तमानपत्रातला गुणतक्ता वाचून दाखविण्याचे काम माझ्याकडे होते, कारण वडिलांना बारीक अक्षर दिसेनासे झाले होते. बरी वर्षे होती तेव्हा मी तो वरून वाची आणि पहिल्या दुसऱ्या ओळीतच थांबे. मार्चच्या सुमारास एका सोमवारी मी सवयीने मोहन बागानपासून आरंभ केला, तेव्हा वडिलांनी हात वर करून मला थांबविले. "खालून वाच," ते म्हणाले. अकरा संघांचा तक्ता. त्यानंतर मी तो खालूनच वाचीत गेलो.

येथे मला एका दुसऱ्याच कागदाची आठवण होते. आमचा पोदेर ज्या घरात राहत असे ते त्याचे होते, परंतु घराखालची जमीन भाटकाराची होती. गोव्यात अशा माणसाला मुंडकार म्हणतात: भाटकाराच्या संमतीने त्याच्या भाटात घर उभारून पिढ्यान्‌पिढ्या राहणारा, पण जमिनीच्या दस्तऐवजात ज्याच्या नावाची ओळसुद्धा नाही असा. अशांना बेदखल करता येऊ नये म्हणून १९७५ साली कायदा झाला, आणि मी शाळेत असताना पोदेराचा त्या कायद्याखालचा अर्ज मामलेदार कचेरीसाठी माझ्या वडिलांनी आपल्या वळणदार हस्ताक्षरात लिहून दिला होता. वहिवाटीचा पुरावा म्हणून काय जोडावे यावर ओसरीवर संध्याकाळभर खल चालला होता. घरपट्टीची पावती निघाली, रेशनकार्ड निघाले, आणि मग पोदेराने वडिलांचा हात धरून त्यांना परसात नेले आणि आपल्या आजाने लावलेला माड दाखविला. हा कागदावर कसा जोडायचा, हा प्रश्न त्याने अत्यंत गंभीरपणे विचारला होता.

क्लबचा चाहता हा असाच एक मुंडकार आहे, असे मला त्या हंगामात प्रथम जाणवले. क्लब मालकाचा असतो, नोंदणी त्याच्या नावाची असते, खर्चाचा भार तो उचलतो, आणि फुटबॉलवर एवढा पैसा आणि एवढी वर्षे वेचणाऱ्या गोव्याच्या घराण्यांविषयी माझ्या मनात कृतज्ञतेवाचून दुसरे काही नाही. पण त्या भूमीवर आमचेही एक घर आहे. त्या घरात रविवारच्या दुपारी आहेत, पुलावरची चर्चा आहे, एक समई आहे. लीगच्या दफ्तरात या वहिवाटीची नोंद कोणत्या रकान्यात करायची?

लीगच्या नियमावलीत संरक्षणाचे कलम होते, नाही असे नाही. तक्त्याच्या तळाशी त्या वर्षी पुण्याचा भारत एफसी होता. पण तो थेट प्रवेश मिळालेला नवा संघ असल्यामुळे त्याला पदावनतीपासून सूट होती, आणि म्हणून त्याच्या वरच्या पायरीवर असलेल्या धेंपोला खाली जावे लागले. नियम आधीपासून ठाऊक होता. कोणी कोणाला फसविले नाही. आणि वीस सामन्यांत जे गमावले ते आम्हीच गमावले. पुण्याच्या त्या संघाविषयी मला आकस नाही. तो पुढच्या हंगामापर्यंतही टिकला नाही, आणि त्याच्याही सज्ज्यात कोणी बाप आपल्या मुलाला घेऊन बसत असेलच, त्याचे घर तर एका वर्षातच गेले. तरीही वडिलांना हा नियम समजावून सांगताना माझा आवाज स्थिर राहिला नाही. ते शांतपणे ऐकत होते. कालच आलेल्याला अभय आणि आजापासून राहणाऱ्याला हुकूम, एवढेच ते म्हणाले, आणि चष्मा काढून पुसू लागले.

त्या संध्याकाळी पोदेर आला. सांत्वनाचे बोलणे त्याला कधीच जमत नसे. तो पायरीवर बसला, आणि सामन्यांच्या वेळापत्रकाची चौकशी करावी तशा साध्या स्वरात त्याने विचारले, "मास्तर, फुडल्या वर्सा खंय खेळटले?"

पुढचे वृत्त थोडक्यात सांगता येईल. दुसऱ्या वर्षी धेंपोने द्वितीय श्रेणी जिंकली आणि परत येण्याचा हक्क मिळविला. परंतु २०१६ मध्ये देशाच्या फुटबॉलची नवी रचना पुढे आली. सुपर लीग सर्वोच्च, आय-लीग तिच्या खाली, आणि खालून वर चढण्याची वाट मात्र नाही, अशी ती होती. तिचा निषेध म्हणून साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या गोव्याच्या तिन्ही क्लबांनी राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. त्यांची भूमिका न्याय्य होती, असे मी तेव्हाही मानले आणि आजही मानतो: ज्या शिडीला वरच्या पायऱ्याच नाहीत तिच्यावर उभे राहण्यास नकार देणे हा स्वाभिमान आहे. मैदानावर जिंकलेले घर न्यायासाठी सोडावे लागले, आणि घराबरोबर आम्हीही बाहेर आलो.

पोदेर त्यानंतर फार वर्षे राहिला नाही. भट्टी आता त्याचा मुलगा चालवितो. जागेचा निकाल त्यांच्या बाजूने लागला होता. परसातला माड अजून फळतो, आणि वर्षातून दोनदा नारळ आमच्याकडे येतात.

२०२४ च्या उन्हाळ्यात बातमी आली की धेंपो द्वितीय श्रेणीत दुसरा क्रमांक मिळवून आय-लीगमध्ये परतला. वडिलांना आता मोठे अक्षरही दिसत नाही. सामने सुरू झाल्यावर पहिल्या सोमवारी मी वर्तमानपत्र घेऊन त्यांच्या खाटेशी बसलो, पान उलगडले, आणि ते काही म्हणण्याची वाट पाहिली. बाहेर पोदेराच्या मुलाच्या सायकलचा भोंगा वाजला. वडिलांनी मान त्या दिशेला वळविली, भोंगा वळणाआड विरेपर्यंत ते ऐकत राहिले, आणि मग म्हणाले, "हं, वाच. खालून."