मांजरसुंब्याच्या घाटात

वैशाखात मांजरसुंबा घाट चढताना गाडीच्या तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकला, की मी एसी बंद करून हीटर लावतो. चाळीस अंशांच्या उन्हात जीव नकोसा होतो, पण इंजिनातली उष्णता त्या वाटेनेही बाहेर पडते. रेडिएटरच्या झाकणाला मात्र हात नाही! दाबाखालचं पाणी १०० अंशांपुढेही उकळत नाही. झाकण सैल होताच उसळतं.

बालाघाटाच्या कच्च्या वाटांवर पहिल्या गिअरमध्ये समोरून वारा मिळत नाही, सगळा भार पंख्यावर. त्यात आमचं बोअरचं जड पाणी. रेडिएटरच्या नळ्यांत क्षार धरतात. म्हणून मी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच घालतो. टँकरपुढच्या घागरींची रांग पाहिलेल्या माणसाला पिण्याचं पाणी गाडीत ओतवत नाही.