कोलमारमधलं जेवण

लेकीसोबत कोलमार पाहिलं. लाकडी चौकटींची रंगीत घरं. जेवायला फ्लामकुश, म्हणजे पातळ पोळीवर आंबट साय आणि कांदा (मांस मी वगळायला सांगितलं). सोबत घोटभर रीसलिंग. नावं जर्मन, गाव फ्रान्सचं! अल्सास १८७१ साली जर्मनीकडे गेला, १९१८ला फ्रान्सकडे, १९४०ला पुन्हा जर्मनांकडे, १९४५ला परत.

दोदेची 'शेवटचा धडा' ही अल्सासचीच गोष्ट मी वर्गात वाचून दाखवायचो. उद्यापासून फ्रेंच बंद, म्हणून मास्तरांचा कंठ दाटतो, माझाही दाटायचा. पण तिथल्या बहुतेक घरांत तेव्हा अल्सासी बोलत, जर्मनच्या जवळची बोली. तिच्यासाठी गोष्टीत कुणी रडत नाही.

'नीट बोल रे' म्हणत मीही किती पोरांची बोली वर्गाबाहेर ठेवली! पेला संपला, हिशेब लागला नाही.