जबड्याकडून कानाकडे

मनुष्यदेहातील सर्वांत लहान हाड कानात असते. पडद्यामागे हातोडा, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडे एकमेकांस टेकून असतात व पडद्याचा कंप आतल्या कानास पोचवितात. त्यांतील रिकीब जेमतेम ३ मिलिमीटर उंचीची. नावांवरून लोहारशाळा आठवावी. परंतु या हाडांचे कुळ शोधू गेल्यास आपण पोचतो ते तोंडापाशी.

गर्भ सुमारे ६ आठवड्यांचा असताना त्याच्या घशालगत कमानींची रांग असते. पहिल्या कमानीत खालच्या जबड्याला आधार देणारी कूर्चेची कांडी तयार होते आणि तिच्या मागच्या टोकाशी हातोडा व ऐरण घडतात. रिकीब मुख्यत्वे दुसऱ्या कमानीतून येते. १८३७ साली कार्ल रायखर्ट या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने डुकराचे गर्भ तपासून दाखविले, की सरड्यासारख्या प्राण्यांत ज्या दोन हाडांवर जबड्याची बिजागरी फिरते, तीच सस्तन प्राण्यांत हातोडा व ऐरण झाली आहेत. पुढे जीवाश्मांनीही साक्ष दिली. सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच्या मॉर्गनुकोडॉन या चिमुकल्या प्राण्याच्या जबड्याला जुनी व नवी अशा दोन्ही बिजागऱ्या होत्या. नवी बळकट झाली, तशी जुनी हाडे चावण्याच्या ओझ्यातून सुटली. जुन्या लुगड्याची गोधडी व्हावी, तसा हा प्रकार. हाडांनी घर बदलले, तरी नाते सुटले नाही: हातोड्याचा स्नायू ताणणारा मज्जातंतू आजही चावण्याचे स्नायू चालविणाऱ्या मज्जातंतूचीच शाखा आहे.

हे सारे आम्ही वाचले ते आमच्या मातोश्रींच्या निमित्ताने. ऐन चाळिशीत त्यांस कमी ऐकू येऊ लागले. रिकिबीच्या पायथ्याशी नवे हाड वाढून ती जखडली आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. पुढे पुढे आम्ही बोलू लागलो, की त्यांची नजर आमच्या ओठांवर आणि हनुवटीवर स्थिरावे. “ओरडू नकोस, समोर बस,” असे त्या म्हणत. जबड्याने युगांपूर्वी कानाला दिलेली हाडे तेथे थकली होती, आणि कानाचे उरलेले काम पुन्हा बोलणाऱ्याच्या जबड्याकडे आले होते. त्याकडे पाहण्याची मात्र त्यांस कधी लाज वाटली नाही.

मातोश्री आज नाहीत. आमच्या घरी मात्र अजून कोणी पाठमोरे राहून बोलत नाही.