ऋण मूळ खोडताना

वर्गसमीकरण सोडवलं की दोन उत्तरं येतात. धन ते ठेवायचं, ऋण ते खोडायचं, असं मी लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीत वर्षानुवर्षं दहावीच्या मुलांना शिकवलं. ‘पण वय ऋण असू शकत नाही’ एवढी ओळ लिहिली की गुण पक्के. आणि परीक्षेतल्या गुणांसाठी गाजलेल्या लातूर पॅटर्नच्या मुलखात गुण पक्के होण्याचं मोल वेगळं सांगायला नको. ती ओळ मला आता पुरत नाही.

नेहमीचंच उदाहरण घ्या. भाऊ बहिणीपेक्षा ७ वर्षांनी मोठा, दोघांच्या वयांचा गुणाकार ६०. बहिणीचं वय क्ष मानलं तर क्ष² + ७क्ष − ६० = ०. उत्तरं ५ आणि −१२. बहीण ५ वर्षांची, भाऊ १२ चा, फळा पुसा. खोडलेलं −१२ आता परत ठेवून पाहा: बहीण −१२, भाऊ −५. फरक ७ च, गुणाकार ६० च. म्हणजे भावाचं वय त्या खोडलेल्या उत्तरातच उणे चिन्ह लावून बसलेलं! समीकरणाचं काहीच चुकलं नव्हतं. आपण वयं मोजतोय, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

या बाबतीत माझ्यापेक्षा भास्कराचार्य फार सरळ होते. ११५० च्या सुमाराच्या त्यांच्या ‘बीजगणिता’त माकडांची दोन गणितं आहेत. पहिल्यात कळपाच्या आठव्या भागाच्या वर्गाइतकी माकडं रानात खेळतात, उरलेली १२ टेकडीवर. उत्तरं ४८ आणि १६. दोन्ही चालतात, ते दोन्ही देतात. दुसऱ्यात कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसतंय. उत्तरं ५० आणि ५. पण ५ धरली तर पाचवा भाग १, त्यातून ३ गेले, राहिली −२ माकडं! वर्ग मात्र ४, फांदीवरचं १, बेरीज ५. हिशेब चोख. भास्कराचार्यांनी ५ सोडून दिले आणि कारण दिलं ते लोकांचं: उणे राशी लोकांना पटत नाही. गणित चुकतं, असं ते म्हणाले नाहीत. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने चाळीसगावजवळ पाटण्याला मठ काढला. तिथल्या एखाद्या पोराने −२ माकडांवरून गुरुजींशी वाद घातला असेल का, कोण जाणे. माझ्या वर्गात तशी सोय नव्हती.

लोकांना न पटणारं तेच मूळ १९२८ साली भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅकसमोर आलं. सापेक्षतेच्या सूत्रात ऊर्जेचा वर्ग मिळतो. वर्गमूळ काढलं की एक ऊर्जा धन, एक ऋण. जुन्या भौतिकशास्त्रात ऋण ऊर्जा बिनघोर सोडता येत होती, कारण तिथे ऊर्जा सलग बदलते आणि या दोहोंमधली दरी तिला ओलांडता येत नाही. क्वांटम जगात इलेक्ट्रॉन उडी मारतो. मग पलीकडचा काठ नाहीच, असं कसं म्हणणार? डिरॅकने ऋण मूळ ठेवलं. त्याचा अर्थ लावताना आधी त्याला प्रोटॉन वाटला, पण वस्तुमान जुळेना. १९३१ मध्ये त्याने इलेक्ट्रॉनच्याच वस्तुमानाचा, पण धन भाराचा नवा कण सुचवला, आणि १९३२ मध्ये अमेरिकेत कार्ल अँडरसनला वैश्विक किरणांच्या छायाचित्रात त्याचा माग सापडला. तोच पॉझिट्रॉन. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात, याचं गणित पुढे मुंबईच्या होमी भाभांनी मांडलं. कर्करोग शोधायला जो पेट स्कॅन करतात, तो याच कणावर चालतो.

म्हणून प्रत्येक ऋण मुळात नवा कण शोधत बसा, असं मी म्हणत नाही. काही उत्तरं खोडावीच लागतात. भूकंपाचंच घ्या. एका केंद्रावर दोन प्रकारच्या लाटा किती वेळाच्या अंतराने पोचल्या, त्यावरून भूकंप किती दूर झाला ते कळतं, दिशा कळत नाही. म्हणून त्या अंतराचं वर्तुळ काढायचं. दोन केंद्रांची दोन वर्तुळं दोन जागी छेदतात. पुन्हा वर्गसमीकरण, पुन्हा दोन मुळं! त्यातली खोटी जागा तिसऱ्या केंद्राची नोंद खोडते. हे खोडणं पुराव्याचं.

आमच्या गावाच्या नशिबी दुसरं खोडणं आलं. दख्खनचा खडक स्थिर, इथे मोठा भूकंप व्हायचा नाही, असं धरून लातूर भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात टाकलेलं होतं. १९९२ च्या पावसाळ्यापासून ऑक्टोबरपर्यंत किल्लारीत धक्के जाणवत होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या आत भूकंपाने गाव दगडमातीच्या भिंतींखाली गेलं. २००२ मध्ये पहिलं क्षेत्र नकाशावरूनच काढून टाकलं. लातूर तेव्हा तिसऱ्यात गेलं.

वर्गात आणखी एक खोडणं आहे. वर्गसमीकरणाचा विवेचक, म्हणजे सूत्रातली वर्गमुळाखालची राशी, ऋण आला की ‘मुळे वास्तव नाहीत’ म्हणून आपण पुढे जातो. पण उणे एकाच्या वर्गमुळावाचून क्वांटम जगाचं श्रोडिंगरचं समीकरण नेहमीच्या रूपात लिहिताच येत नाही, हे दहावीला कसं सांगावं, ते मला अजून जमलेलं नाही.

गणिताच्या शिक्षकांना एक विनंती. ऋण उत्तर खोडण्याआधी मुलांना ते मूळ समीकरणात आणि शाब्दिक उदाहरणात ठेवून बघायला लावा, आणि कोणत्या अटीमुळे ते बाद होतं, ते शेजारी लिहून घ्या. पेपर तपासणाऱ्यांनी त्या ओळीला अर्धा गुण तरी द्यावा. आमच्याकडे गुण मिळाल्याशिवाय कुणी काही लिहीत नाही.