जुन्या संगणकाला नवे बळ

आजचे युग संगणकाचे आहे, हे वाक्य आपण शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमात ऐकतो. पण घरातला संगणक जुना झाला की काय करावे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. २०२५ च्या दिवाळीत हा प्रश्न आमच्या घरी उभा राहिला.

आमचा संगणक २०१३ सालचा. तिसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. बटण दाबून चहा करायला जावे, चहा पिऊन यावे, तरी पडद्यावर चक्र फिरतच असे. नववीतल्या मुलीला प्रकल्प लिहायचे असतात, सहावीतल्या मुलाला गणिताचे व्हिडिओ पाहायचे असतात, आणि दोघांचे भांडण माझ्या एका मोबाईलवरून. म्हापशाला चौकशी केली तेव्हा दुकानदार म्हणाला, "मॅडम, आता नवीनच घ्या." पुढच्या वर्षी मुलीची दहावी. अंथरूण पाहून पाय पसरायचे, म्हणून पाच हजारांच्या वर जायचे नाही असे आम्ही ठरवले.

पैसे थोडे असले की विचार जास्त करावा लागतो. पहिला विचार हा, की संगणक नेमका अडतो कुठे? मुलीने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर बहुतेक वेळ मोकळा बसलेला, रॅम जवळजवळ भरलेली आणि डिस्क सतत शंभर टक्क्यांवर. रोगाचे निदान तिथेच झाले.

विद्यार्थी मित्रांनो, याचे कारण सोपे आहे. हार्ड डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते आणि एक छोटी सुई पुढेमागे सरकून माहिती शोधते. एका फेरीलाच सुमारे ८ मिलिसेकंद लागतात, आणि अशा हजारो फेऱ्या होतात. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो. म्हणून पहिला खर्च २५६ जीबीच्या साटा एसएसडीवर केला.

दुसरा खर्च रॅमचा. मदरबोर्डवर एक खाच रिकामी होती. पण रॅम घेताना पिढी पाहावी लागते. डीडीआर-थ्रीच्या पट्टीला २४० पिना आणि डीडीआर-फोरला २८८, त्यामुळे एकाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही. आम्ही ४ जीबीची वापरलेली डीडीआर-थ्री पट्टी घेतली. ग्राफिक कार्डाचा मुलाचा हट्ट मात्र मान्य झाला नाही. अभ्यासाला ते लागत नाही, आणि जुन्या पॉवर सप्लायवर भार नको.

या सगळ्याआधी एक काम केले. जुन्या डिस्कवर मुलांच्या आजोबांच्या आवाजातली भजने होती. ते आता नाहीत. डिस्क कधी बंद पडेल याचा नेम नसतो, म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्यापूर्वी ती भजने दोन पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. नवा भाग दुकानात मिळतो, तो आवाज मिळणार नव्हता.

राहिला प्रश्न विंडोजचा. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणून आम्ही लिनक्स मिंट बसवले. ते फुकट आहे, आणि इनस्क्रिप्ट कळफलक निवडला की मराठीही टंकता येते. गोव्याला हे नवे नाही. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला 'गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट' या उपक्रमातून परदेशात वापरून झालेले संगणक इथल्या शाळांना मिळाले होते, आणि शाळांत लिनक्स वापरण्याचा प्रयत्नही तेव्हा झाला होता. दुसऱ्यांनी जुने म्हणून बाजूला काढलेल्या यंत्रांवर त्या काळी कितीतरी मुलांनी पहिल्यांदा माऊस धरला.

आता आमचा संगणक अर्ध्या मिनिटात सुरू होतो. तो नवा झालेला नाही. मोठे खेळ त्यावर चालणार नाहीत आणि प्रोसेसर तेराव्या वर्षात आहे, हे आम्ही जाणून आहोत. पण मुलीचा प्रकल्प त्यावर पूर्ण झाला आणि बेतातला एक रुपयाही वाढला नाही.

पालकांना आणि विश्वस्त मंडळींना एवढेच सुचवावेसे वाटते, की घरातले किंवा शाळेतले मंद झालेले संगणक भंगारात काढण्यापूर्वी एकदा उघडून पाहावेत, आणि तेही मुलांना जवळ बसवून. आतले भाग हाताळताना मुले जे शिकतात, ते पुस्तकातल्या आकृतीतून शिकत नाहीत. आधी गरज ओळखावी, मग अडचण शोधावी आणि शेवटी पैसे खर्च करावेत, हा क्रम त्यांना पुढे संगणकाबाहेरही उपयोगी पडेल.

— एक पालक, धारगळ