कोऱ्या डिस्कचं दप्तर

कासुर्डी. वडिलांच्या ट्रंकेतले सातबारे, फेरफार, उसाच्या पावत्या स्कॅन करून झाल्या. त्या ठेवायला १ टीबीची डिस्क आणली आहे. तिच्यावर आज लिनक्सची एक्सट४ फाइलसिस्टिम घालायची.

*

आधी ओळख. ‘एलएसबीएलके’ चालवलं की जोडलेल्या डिस्क आणि त्यांचे आकार दिसतात. ‘एसडीबी’ म्हणजे अख्खी डिस्क, ‘एसडीबी१’ म्हणजे तिच्यातलं पहिलं पार्टिशन. ही नावं कायमची नसतात; मशीन पुन्हा चालू केल्यावर कालची एसडीबी आज एसडीसी होऊ शकते. म्हणून आकार आणि मॉडेल बघायचं. मोजणीवालाही चतुःसीमा बघितल्याशिवाय साखळी टाकत नसे.

*

पार्टिशन पाडणाऱ्या ‘एफडिस्क’मध्ये ‘डब्ल्यू’ दाबेपर्यंत डिस्कवर काही लिहिलं जात नाही. फाइलसिस्टिम घालणाऱ्या ‘एमकेएफएस’ला ‘-एन’ जोडलं तर तेही काय करणार ते नुसतं सांगतं. माझ्या मते ही सोय प्रत्येकाने वापरावी. मी दोनदा वापरली.

*

पार्टिशन म्हणजे नुसता बांध घातलेला गट. दप्तर उघडतं एमकेएफएस. प्रत्येक फाइलसाठी एक आयनोड: आकार, मालक, तारखा, मजकूर कुठल्या ब्लॉकात आहे ते. त्यात फाइलचं नाव मात्र नसतं! नाव फोल्डरच्या यादीत, शेजारी आयनोडचा नंबर. हे वाचलं तेव्हा थांबलोच. आमच्या रानालाही सरकारदरबारी गट नंबर, आणि घरात सगळे म्हणतात ‘विहिरीकडचं वावर’. एकाच आयनोडला दोन नावंही चालतात.

*

वीज मध्येच गेली तर? जुन्या एक्सट२वर अशा वेळी अख्खी डिस्क तपासत बसावं लागे. एक्सट३ने जर्नल आणलं, २००१ साली ते लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये आलं, एक्सट४मध्येही आहे. तलाठी आधी गाव नमुना ६मध्ये फेरफार लिहितो, तो प्रमाणित झाला की मग सातबारा बदलतो. जर्नलचा क्रम तोच: होणारा बदल आधी वहीत, मग जागेवर. अर्धवट राहिलं तर वही बघून पुरं करायचं. पण नेहमीच्या मांडणीत ही वही दप्तराची असते, फाइलच्या मजकुराची नसते. शेवटच्या क्षणी लिहिलेलं तरीही जाऊ शकतं.

*

डिस्कला ‘कासुर्डी’ हे लेबल द्यायचं होतं. बसत नाही. एक्सट४चं लेबल १६ बाइटांचं, आणि यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, वेलांटी, हलन्त वेगळे मोजले जातात. कासुर्डीची ८ चिन्हं, २४ बाइट. जवळचं यवत ९ बाइटांत बसतं, दौंड १२मध्ये. गावाचं नाव मावत नाही याचं वाईट वाटलं. ‘दौंड’ दिलं, तालुका तरी आपला.

*

एक्सट४ एरवी ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे मशीनच्या मुख्य वापरकर्त्यासाठी, राखून ठेवतं. १ टीबीत ती ५० जीबीच्या आसपास जाते. सिस्टिमच्या डिस्कवर ती हवीच; नुसत्या कागदपत्रांच्या डिस्कवर नको. ‘-एम ०’ दिलं.

*

काही सेकंदांत संपलं, कारण एमकेएफएस सगळी डिस्क पुसत नाही, दप्तर तेवढं मांडतं. फिरत्या डिस्कवरचा जुना मजकूर मागे पडून राहतो, म्हणून अशी डिस्क भंगारात देताना तेवढ्यावर विसंबू नये. एसएसडीचं वेगळं: तिथे एमकेएफएस आधी सगळे ब्लॉक रिकामे झाल्याचं डिस्कला कळवतं, मग जुनं परत मिळण्याची आशा धरू नये.

*

शेवटी पडद्यावर आकडे आले: ३२७६८, ९८३०४, १६३८४०... सुपरब्लॉकच्या, म्हणजे फाइलसिस्टिमच्या मूळ नोंदीच्या, जादा प्रती इथे आहेत. पहिला सुपरब्लॉक खराब झाला तर ‘ई२एफएससीके -बी ३२७६८’ सांगून दुसऱ्या प्रतीवरून फाइलसिस्टिम दुरुस्त करायचा प्रयत्न करता येतो. ते आकडे पेनने कागदावर लिहून डिस्कच्या खोक्याला चिकटवले.

*

डिस्क माउंट केली. मालक रूट होता, तो बदलून माझ्या नावे केला. फाइलच्या नावाला २५५ बाइट, म्हणजे देवनागरीची ८५ चिन्हं. पहिला सातबारा ठेवला. नाव दिलं: विहिरीकडचं वावर.